विश्लेषण : अणूचा ‘फोटो’ खरा की संगणकाने बनवलेला? बोरघाटातल्या स्फटिकांपासून करोनाच्या काट्यांपर्यंत…

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते. मागे जादा इंजिने जोडली जातात, फलाटावर वडापाव घेतला जातो आणि पळसदरी मागे पडली की बोरघाट सुरू होतो. दोन बोगद्यांच्या मधल्या काळ्या कातळाकडे निरखून पाहिले तर कुठे कुठे पांढरे ठिपके आणि शिरा दिसतात. त्यात ‘झिओलाइट’ या गटातील खनिजे असतात. या खनिजांच्या आत रेणू जेमतेम शिरतील एवढ्या अरुंद वाटा असतात. त्या पाहायच्या तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. मात्र त्यातून मिळालेले चित्र जसेच्या तसे वाचता येत नाही. ते वाचण्यासाठी संगणकावर तसेच चित्र आधी गणिताने तयार करून पाहावे लागते. मग अणूचा किंवा विषाणूचा जो ‘फोटो’ आपल्या मोबाइलवर येतो, त्यात सूक्ष्मदर्शकाचा वाटा किती आणि सॉफ्टवेअरचा किती? आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा?

बोरघाटातल्या दगडाचा इथे काय संबंध?

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. नंतर खनिजे विरघळलेले गरम पाणी या पोकळ्यांमधून झिरपले आणि त्यांत स्फटिक वाढले. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. त्याआधी बोगदे खणताना आणि कडे फोडताना हे स्फटिक उघडे पडले आणि अभ्यासकांच्या हाती लागले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्यातली काही नावे. आजही खदानीत असे दगड निघतात आणि हौशी संग्राहक ते जपून ठेवतात.

‘झिओलाइट’ हे नाव स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’. तापवल्यावर या दगडाच्या आतले पाणी बाहेर पडू लागते आणि तो उकळत असल्यासारखा दिसतो. हे पाणी ज्या वाटांमध्ये राहते, त्यांची रुंदी एका नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

या वाटांचा उपयोग मोठा आहे. कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवलेले झिओलाइट तेल शुद्धीकरणात आणि धुण्याच्या पावडरीत वापरले जातात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांच्या आवारात जे प्राणवायू प्रकल्प उभे राहिले, त्यांच्या टाक्यांतही झिओलाइटचेच दाणे होते. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जाऊ देतात. कोणता रेणू अडकेल आणि कोणता निसटेल, हे आतल्या वाटांच्या आकारावर आणि तिथल्या विद्युतभारावर ठरते. म्हणून त्या वाटा प्रत्यक्ष पाहणे हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

साध्या सूक्ष्मदर्शकाने का दिसत नाही?

शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक प्रकाशावर चालतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू नेहमीच्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत. भिंग कितीही चांगले असले तरी हा अडथळा राहतोच.

इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागतो, पण त्याची तरंगलांबी फारच कमी असते. दोन लाख व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर एवढी भरते. हे लक्षात घेऊन जर्मनीत एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बनवला. त्यात काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय भिंग असते. रुस्का यांना त्यासाठी नोबेल मिळाले, पण त्याला १९८६ साल उजाडावे लागले.

या यंत्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात इलेक्ट्रॉनचा झोत नमुन्याच्या पृष्ठभागावरून फिरतो आणि परत आलेल्या इलेक्ट्रॉनवरून चित्र तयार होते. दुसऱ्यात नमुना इतका पातळ करतात की झोत त्याच्या आरपार जातो. ही जाडी साधारण १०० नॅनोमीटरपेक्षा कमी ठेवावी लागते. अणूंच्या रांगा दिसतात त्या या दुसऱ्या प्रकारात.

मग सरळ फोटो का मिळत नाही?

याची कारणे तीन आहेत. पहिले, हे चित्र म्हणजे सावली असते. छातीच्या एक्स-रेमध्ये पुढच्या आणि मागच्या बरगड्या एकावर एक येतात, तसे नमुन्यातले सगळे थर एकाच चित्रात दाबले जातात.

दुसरे कारण भिंगाचे आहे. गोल चुंबकीय भिंगात एक दोष असतोच, हे ऑटो शेर्झर यांनी १९३६ मध्ये गणिताने दाखवून दिले होते. या दोषामुळे आणि फोकसमधल्या फरकामुळे चित्रातील काही बारकावे उलटे उमटतात. जिथे काळे हवे तिथे पांढरे येते. फोकस किंचित फिरवला की मघाशी काळे दिसणारे अणू पांढरे दिसू लागतात. म्हणजे झिओलाइटच्या चित्रातला पांढरा ठिपका हा अणू आहे की मोकळी वाट, हे नुसते बघून सांगता येत नाही. हा दोष दुरुस्त करणारी भिंगे जर्मनीत १९९८ च्या सुमारास यशस्वी झाली, पण ती बसवलेली यंत्रे महाग असतात आणि त्यांच्या चित्रांनाही गणिताची जोड लागते.

तिसरे कारण नमुन्याच्या नाजूकपणाचे. ज्या इलेक्ट्रॉनने पाहायचे, तेच नमुन्याला जाळतात. झिओलाइटची जाळी जोरदार झोतात पाहता पाहता कोसळते. प्रथिने आणि विषाणू त्याहून नाजूक. त्यामुळे झोत अगदी मंद ठेवावा लागतो आणि मग चित्रात नमुन्यापेक्षा खरखरच जास्त दिसते. रात्री अंधारात मोबाइलने काढलेल्या फोटोत जशी रवाळ जाळी येते, तसेच. फक्त कित्येक पट वाईट.

सिम्युलेशन करतात म्हणजे नेमके काय करतात?

चित्रावरून रचना थेट कळत नसेल तर उलट्या बाजूने जाता येते. आधी रचना गृहीत धरायची, म्हणजे कोणता अणू कुठे आहे याची यादी संगणकाला द्यायची. मग त्या रचनेतून इलेक्ट्रॉनचा तरंग गेला तर सूक्ष्मदर्शकात कसे चित्र उमटेल, हे गणिताने काढायचे. हे बनवलेले चित्र प्रत्यक्ष चित्राशी ताडून पाहायचे. जुळले तर गृहीतकाला बळ मिळते, नाही जुळले तर ते बाजूला ठेवायचे.

यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी रीत ऑस्ट्रेलियातील जॉन काउली आणि अलेक्झांडर मूडी यांनी १९५७ मध्ये मांडली. तिला ‘मल्टिस्लाइस’ म्हणतात. नमुन्याचे ब्रेडच्या लादीसारखे पातळ काप कल्पायचे. प्रत्येक कापातून जाताना तरंगात किती बदल होतो ते काढायचे. मग पुढच्या कापापर्यंत जाताना तो किती पसरतो ते काढायचे. असे शेवटच्या कापापर्यंत करत जायचे आणि अखेरीस भिंगाचा दोष व फोकस यांचा परिणाम मिळवायचा. यात पुन:पुन्हा लागते ते फूरिये रूपांतर. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ‘सिग्नल्स’च्या पेपरात घोकलेले तेच. १९६५ मध्ये हे रूपांतर झटपट करण्याची पद्धत संगणकशास्त्रात रूढ झाली आणि पुढे मल्टिस्लाइस खऱ्या अर्थाने वापरात आली.

नमुन्याची नेमकी जाडी आणि फोकस बहुतेक वेळा पक्के माहीत नसतात. म्हणून सॉफ्टवेअर वेगवेगळ्या जाडीची आणि फोकसची चित्रे काढून त्यांचा तक्ता मांडते. प्रत्यक्ष चित्र त्यातल्या कोणत्या चौकटीशी जुळते ते शोधले जाते. इथे एक सावधगिरी मात्र लागते. दोन वेगळ्या रचना एकसारखे चित्र देऊ शकतात. त्यामुळे एक चित्र जुळले म्हणजे सिद्ध झाले, असे धरत नाहीत. वेगवेगळ्या दिशांनी चित्रे घेऊन तीही जुळतात का, हे पाहिले जाते.

हे सगळे केल्यावर काय साधते? २०२१ मध्ये चीनमधील छिंगहुआ विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने झेडएसएम-५ या औद्योगिक झिओलाइटच्या वाटांमध्ये अडकलेले पॅराझायलिनचे एकेकटे रेणू दाखवले. रेणू कोणत्या दिशेला वळला आहे, हेही त्या चित्रांत ओळखता येत होते.

प्रतिमा प्रक्रिया म्हणजे फोटोला फिल्टर लावणे का?

नाही. मात्र मोबाइलमधले एक उदाहरण इथे उपयोगी पडते. ‘नाइट मोड’मध्ये फोन एकाऐवजी लागोपाठ अनेक फोटो घेतो, हात हलल्यामुळे सरकलेली चित्रे एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. प्रत्येक फोटोतली खरखर वेगळी असते, त्यामुळे ती सरासरीत विरते. समोरचा देखावा मात्र सगळीकडे तोच असल्याने तो ठळक होतो. शंभर चित्रांची सरासरी काढली तर खरखर दहापट कमी होते, दहा हजारांची काढली तर शंभरपट.

प्रथिने किंवा विषाणू पाहताना जवळपास हेच होते. नमुना झटकन गोठवतात. तो इतक्या वेगाने गोठतो की पाण्याचे बर्फाचे स्फटिक न होता ते काचेसारखे घट्ट होते. मग त्याची चित्रफीत घेतात. झोताच्या माऱ्याने नमुना किंचित सरकतो, ते सरकणे सॉफ्टवेअर दुरुस्त करते. नंतर भिंगामुळे उलटे झालेले बारकावे सुलटे केले जातात. पुढे चित्रातील एकेक कण वेचला जातो. अशा कणांची संख्या लाखांत जाते.

यापुढचा टप्पा त्रिमितीचा. पेणच्या एखाद्या कारखान्यात एकाच साच्यातल्या हजारो गणेशमूर्ती वेगवेगळ्या दिशांना तोंड करून मांडल्या आहेत आणि आपल्याकडे त्यांचे फक्त अंधुक, एक्स-रेसारखे फोटो आहेत, अशी कल्पना करा. कोणता फोटो कोणत्या बाजूचा हे ओळखता आले तर सगळे जोडून एका मूर्तीची पूर्ण घडण मिळेल. सॉफ्टवेअर दिशा अंदाजाने ठरवते, त्यावरून मूर्ती बनवते, मग त्या मूर्तीवरून दिशा पुन्हा सुधारते. असे फेरे उत्तर स्थिर होईपर्यंत चालतात.

सावल्यांवरून त्रिमिती उभी करण्याचे काम डेव्हिड डीरोझियर आणि एरन क्लूग यांनी १९६८ मध्ये प्रथम करून दाखवले. सुट्या कणांची चित्रे एकत्र करण्याची रीत जोआकिम फ्रँक यांनी घडवली आणि त्यासाठीचे ‘स्पायडर’ हे सॉफ्टवेअर १९८१ मध्ये मांडले. २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल फ्रँक यांना, गोठवण्याची पद्धत शोधणारे जाक द्युबोशे आणि या तंत्राने अणूंपर्यंत पोहोचता येते हे दाखवणारे रिचर्ड हेंडरसन यांच्यासह मिळाले. आज सर्वाधिक वापरात असलेल्यांपैकी ‘रेलियॉन’ हे सॉफ्टवेअर २०१२ मध्ये केंब्रिजमधून आले, तर ‘क्रायोस्पार्क’ २०१७ मध्ये टोरांटोमधून.

करोनाच्या वेळी याचा काय उपयोग झाला?

भारतातला करोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये निश्चित झाला. त्याच्या घशातील नमुन्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विषाणूची चित्रे घेतली. ती मार्चमध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साधारण ७५ नॅनोमीटरचा एक गोल कण आणि त्याभोवतीचे काटे ओळखता येत होते. हा करोना कुळातलाच विषाणू आहे, हे सांगायला ते चित्र पुरेसे होते. काटा अणू-अणूंनी कसा बनला आहे, हे मात्र अशा चित्रातून कळत नाही.

ते काम दुसरीकडे सुरू होते. विषाणूचा जनुकीय क्रम १० जानेवारी २०२० रोजी खुला झाला. त्यावरून अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील गटाने काट्याचे प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले, ते गोठवले आणि त्याच्या ३,२०७ चित्रफिती घेऊन संगणकावर प्रक्रिया केली. १९ फेब्रुवारीला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, काट्याची त्रिमितीय रचना ‘सायन्स’मध्ये जगासमोर आली. तिची बारीकी ०.३५ नॅनोमीटर होती. काट्याच्या तीन हातांपैकी एक वर उचललेला असतो आणि त्यानेच विषाणू पेशीला धरतो, हे त्यातून दिसले. लस आणि प्रतिपिंडांवर काम करणाऱ्यांना नेमके लक्ष्य कळले. पूर्वी अशा कामाला वर्षे लागत. हा वेळ वाचला त्यात नव्या कॅमेऱ्यांइतकाच सॉफ्टवेअरचाही वाटा होता.

आणि मोबाइलवर फिरलेला तो करड्या रंगाचा, लाल काट्यांचा गोळा? तो फोटो नव्हता. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या सरकारी संस्थेच्या चित्रकारांनी तयार केलेले ते चित्र होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात मुळात रंगच नसतो. दिसतो तो रंग नंतर भरलेला असतो.

संगणक नसलेले चित्र ‘दाखवू’ शकतो का?

शकतो, आणि या क्षेत्रातला सर्वात मोठा धोका हाच आहे. तो समजावून देणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. संगणकावर निव्वळ खरखरीची एक हजार चित्रे तयार करायची. त्यांत काहीही नाही. मग सॉफ्टवेअरला अल्बर्ट आइनस्टाइनचा फोटो नमुना म्हणून द्यायचा आणि प्रत्येक चित्र त्या फोटोशी जास्तीत जास्त जुळेल असे सरकवायला सांगायचे. शेवटी सगळ्यांची सरासरी काढायची. आइनस्टाइनचा चेहरा उमटतो! चेहरा चित्रांत नव्हताच, तो आपण दिलेल्या नमुन्यातून आला. पावसाळी ढगांत हत्ती शोधायचा ठरवला की हत्ती सापडतोच, तसे.

२०१३ मध्ये हा मुद्दा प्रत्यक्षात पेटला. अमेरिकेतील एका गटाने एचआयव्ही विषाणूच्या बाह्य प्रथिनाची रचना ०.६ नॅनोमीटर बारकाईने मिळाल्याचे सांगितले. एड्सवरील लशीसाठी ही रचना फार महत्त्वाची. पण रिचर्ड हेंडरसन यांच्यासह तीन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे आक्षेप घेतला, की ही रचना खरखरीतून उगवलेली असू शकते. ‘खरखरीतून आइनस्टाइन’ याच मथळ्याखाली हेंडरसन यांनी लिहिले. मूळ गटाने आपली बाजू लावून धरली. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस इतर गटांनी प्रसिद्ध केलेल्या रचना वेगळ्या निघाल्या.

या प्रकरणात कुणी चित्र खोटे रंगवल्याचा आरोप नव्हता. प्रामाणिक माणूस, चांगले सॉफ्टवेअर आणि तरीही चुकीचे उत्तर, असे होऊ शकते हाच त्यातला धडा. अशा रचनेवर विसंबून लशीचा किंवा औषधाचा आराखडा केला तर वर्षे आणि कोट्यवधी रुपये वाया जाऊ शकतात.

मग खात्री कशी करतात?

बोर्डाच्या परीक्षेत एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी, एकमेकांचे गुण न पाहता, तपासली तर निकालावर भरवसा बसतो. इथेही तसेच करतात. सगळी चित्रे सुरुवातीलाच दोन गटांत वाटतात. दोन्हींवर वेगवेगळी प्रक्रिया होते आणि दोन रचना मिळतात. ज्या बारकाईपर्यंत त्या एकमेकींशी जुळतात, तेवढीच बारीकी खरी मानली जाते. खरखर दोन्ही गटांत वेगवेगळी असल्याने ती जुळत नाही. ‘रेलियॉन’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत आता अंगभूत आहे.

दुसरा उपाय खुलेपणाचा. तयार रचना ‘ईएमडीबी’ या २००२ पासूनच्या जागतिक संग्रहात जमा केल्या जातात. कच्ची चित्रे ठेवण्यासाठी ‘एम्पियार’ हा वेगळा संग्रह आहे. कुणीही तिथून मूळ चित्रे उतरवून घेऊन पुन्हा प्रक्रिया करू शकतो. २०१३ मधल्या वादातही कच्च्या चित्रांच्या मागणीलाच महत्त्व आले होते.

खोपोलीच्या कारखान्यांशी याचा काय संबंध?

खालापूर तालुक्यात खोपोली परिसरात पोलादी पत्रे बनवणारे, त्यांना जस्ताचा मुलामा देणारे कारखाने आहेत. मुलामा सारखा बसला का, तो पोपडे धरून का सुटला, गंज कुठून लागला, अशा प्रश्नांची उत्तरे शोधताना पृष्ठभाग पाहणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात. नमुन्यातून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांवरून कोणते मूलद्रव्य किती, हेही कळते.

इथेही चित्र सरळ वाचले तर फसगत होते. २० हजार व्होल्टच्या झोतातले इलेक्ट्रॉन लोखंडात साधारण दीड मायक्रोमीटर खोल शिरतात. वरचा थर त्यापेक्षा पातळ असेल तर आकड्यांत खालच्या थराची भेसळ होते. झोत किती व्होल्टचा ठेवला तर फक्त वरचाच थर मोजला जाईल, हे आधीच काढण्यासाठी कॅनडातील शेरब्रूक विद्यापीठाने ‘कॅसिनो’ हे मोफत सॉफ्टवेअर बनवले. ते हजारो इलेक्ट्रॉनचे नमुन्यातले प्रवास फासे टाकल्यासारखे यदृच्छेने घडवून पाहते. या गणिती रीतीचे नाव जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मॉण्टे कार्लो शहरावरून पडले आहे. सॉफ्टवेअरचे नाव ‘कॅसिनो’ का, ते यावरून लक्षात यावे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेचे ‘डीटीएसए-२’ हेही अशाच कामाचे आणि मोफत आहे.

कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्याला यात काय करता येईल?

चांगल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची किंमत कोटींत असते. तो बसवायला कंपनविरहित खोली, अखंड वीज आणि प्रशिक्षित माणसे लागतात. तालुक्याच्या महाविद्यालयाला ते परवडणारे नाही. सॉफ्टवेअरचे मात्र तसे नाही. सिम्युलेशनसाठी पायथन भाषेतले ‘एबीटेम’, चित्रांच्या विश्लेषणासाठी ‘हायपरस्पाय’ आणि ‘फिजी’, कणांच्या त्रिमितीसाठी ‘रेलियॉन’ आणि ‘ईमॅन’ ही सगळी सॉफ्टवेअर खुली आणि मोफत आहेत. ‘क्रायोस्पार्क’ शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. स्फटिकाच्या लहान तुकड्याचे मल्टिस्लाइस गणित साध्या लॅपटॉपवर होते. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथल्या संगणक किंवा यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याला घाटातल्या स्टिल्बाइटची अणुरचना खुल्या स्फटिक संग्रहातून घेऊन, फोकस बदलला की चित्र कसे उलटते हे स्वत: करून पाहता येईल. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय काही वाईट नाही.

मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. त्रिमितीच्या कामाला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते आणि कच्ची चित्रे टेराबाइटमध्ये असतात. ती मोबाइलच्या डेटा पॅकवर उतरवता येणार नाहीत. पण शिकण्यासाठी या सॉफ्टवेअरसोबत छोटे नमुना संच दिलेले असतात. प्रत्यक्ष नमुना तपासायचा झाला तर आयआयटी मुंबईतील ‘सैफ’ ही उपकरण सुविधा बाहेरच्या महाविद्यालयांना आणि उद्योगांना शुल्क आकारून सेवा देते. कर्जतहून लोकलने कांजूरमार्ग आणि तिथून पवई, एवढाच तो प्रवास.

यंत्र चालवणाऱ्यापेक्षा यंत्राचे चित्र वाचणाऱ्यांची गरज वाढते आहे, हेही ध्यानात घ्यावे. आधुनिक कॅमेरे दिवसभरात हजारो चित्रफिती देतात आणि त्या एकेक करून पाहणे माणसाला शक्य नाही. हे काम करणारी बरीचशी सॉफ्टवेअर स्वयंसेवी योगदानावर वाढतात. त्यात चूक शोधून सुधारणा पाठवणाऱ्याला कुणी पत्ता विचारत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे काय बदलेल?

बरेच काही बदलले आहे. कण वेचणे, खरखर कमी करणे, रचनेत अणू बसवणे ही कामे आता शिकवलेली प्रारूपे करतात. २०२० मध्ये केंब्रिज आणि गॉटिंगेन येथील गटांनी अ‍ॅपोफेरिटिन या प्रथिनाची रचना सुमारे ०.१२ नॅनोमीटर बारकाईने मिळवली आणि त्यात एकेक अणू सुटा दिसला. मात्र शिकवलेले प्रारूप पूर्वी पाहिलेल्या चित्रांवरूनच अंदाज बांधते. फोनच्या ब्युटी फिल्टरने चेहऱ्यावरचा व्रण पुसावा, तसे ते नमुन्यातले नवे, अनपेक्षित काही पुसून टाकू शकते किंवा नसलेले भरू शकते. आइनस्टाइनचा धोका इथे पुन्हा, अधिक गुळगुळीत होऊन येतो. दोन गटांत चित्रे वाटण्याची आणि कच्ची चित्रे खुली ठेवण्याची शिस्त आता आधीपेक्षा जास्त लागणार आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘अणूचा पहिला फोटो’ किंवा ‘विषाणूचे खरे रूप’ असा संदेश ग्रुपवर आला तर तीन प्रश्न विचारावेत. रंग खरा आहे की भरलेला? हे एकच चित्र आहे की हजारो चित्रांची सरासरी? आणि मूळ कच्ची चित्रे इतरांना तपासायला मिळतात का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या चित्रात संगणकाचा हात कितीही असो, ते तपासून पाहण्याची वाट खुली आहे. ‘नाही’ असेल, तर ते चित्र कितीही देखणे असले तरी पुढे पाठवण्याआधी थोडे थांबावे.